गॉटलंड बेट आणि विस्बीची वेस

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारें नव्वद किलोमीटरांवर, बाल्टिक समुद्रांत, गॉटलंड नांवाचें बेट आहे. स्वीडनचें हें सर्वांत मोठें बेट. विस्तार सुमारें ३,१४० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून कांहींसा कमी. वस्ती मात्र साठ हजारांच्या आसपास. बेट सारें चुनखडीचें. बेचाळीस कोटि वर्षांमागें ही भूमि विषुववृत्तानजीकच्या उबदार व उथळ समुद्राखालीं होती आणि पोंवळ्यांचे थरांवर थर चढून तिचा खडक बनला. त्यांतील मऊ भाग लाटांनीं खाल्ला. कठीण भाग किनाऱ्यावर खांबांसारखा उभा राहिला. या खांबांस तिकडे ‘रौक’ म्हणतात. उत्तरेच्या लहानशा फोरो बेटावर ते विपुल आहेत. सुप्रसिद्ध चित्रपटकार इंगमार बर्गमन यानें तेथेंच घर केलें व २००७ सालीं तेथेंच देह ठेवला.

या लोकांची स्वतःची एक जुनी बखर आहे. ‘गुतासागा’ हें तिचें नांव. तेराव्या शतकांत, बेटाच्याच जुन्या भाषेंत ती रचली गेली. तीत म्हटलें आहे कीं, हें बेट आरंभीं दिवसा समुद्रांत बुडे आणि रात्रीं वर येई. थ्येल्वार नांवाच्या पुरुषानें तेथें प्रथम अग्नि नेला, तेव्हांपासून तें स्थिर झालें. हिमयुगाच्या बर्फाखालीं दबलेली ही भूमि अद्यापि तिळातिळानें वर उचलली जात आहे, हें भूगर्भशास्त्र आज सांगतें. तेव्हां त्या बखरकाराची कल्पना अगदींच वाऱ्यावरची नव्हे!

पुढें थ्येल्वाराच्या सुनेस स्वप्न पडलें कीं आपल्या उराशीं तीन सर्प वेटाळून बसले आहेत. तिला तीन पुत्र झाले आणि त्यांनीं बेट तिघांत वांटून घेतलें. वांटणीनंतर काय होतें हें आमच्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस सांगावयास नकोच. माणसें वाढलीं, जमीन तेवढीच राहिली. तेव्हां चिठ्ठ्या टाकून तिसरा हिस्सा लोकांनीं बेट सोडावें असें ठरलें. ज्यांच्या नांवानें चिठ्ठी निघाली त्यांचा पाय निघेना. ते प्रथम डोंगरावरच्या एका गढींत जाऊन बसले, तेथून फोरोवर गेले, तेथेंही पोट भरेना म्हणून एस्टोनियाजवळच्या बेटावर, आणि अखेर नद्यानद्यांनीं थेट ग्रीकांच्या देशीं. तेथील राजापाशीं त्यांनीं शुक्ल व कृष्ण पक्ष असेपर्यंत राहूं देण्याची परवानगी मागितली. राजाला वाटलें, एका महिन्याचा तर प्रश्न! महिना संपल्यावर हे म्हणाले, पक्ष अजून चालूच आहेत. तंटा राणीपुढें गेला आणि तिनें निवाडा पाहुण्यांच्या बाजूनें दिला.

कथेचें सोडा, पण पूर्वेकडील त्या नद्यांचा मार्ग खराच होता. गॉटलंडचा व्यापार शहरांतील सावकारांच्या हातीं नव्हता. शेतकरीच उन्हाळ्यांत गलबतें घेऊन निघे व रुपें घेऊन परते. बेटावर अशा पुरलेल्या रुप्याचे सातशेंहून अधिक सांठे सांपडले आहेत. १९९९ सालीं स्पिलिंग्स येथें एका शेतांत जो निघाला तो ६७ किलोंचा होता; त्यांतील चौदा हजारांवर नाण्यांपैकीं बहुतेक सर्व अरबी दिरहम. दूरदेशच्या मालाची चटक त्यांच्या स्वयंपाकघरांतही टिकून आहे: तांदूळ, केशर, साय व बदाम यांचा भाजलेला गोड पदार्थ हें बेटाचें खास पक्वान्न. त्यांत अंडीं घालतात, सबब आमच्या वाचक भगिनींनीं कृति मागूं नये.

बाराव्या शतकापासून जर्मन व्यापारी पश्चिम किनाऱ्यावरील विस्बी बंदरांत स्थायिक होऊं लागले आणि हान्सा या व्यापारी संघाचें तें एक मोठें ठाणें झालें. शेतकऱ्याचा व्यापार हळूहळू शहरानें गिळला. शहरानें आपल्याभोंवतीं दगडी तट बांधला. तो सुमारें साडेतीन किलोमीटर लांबीचा तट आजही उभा आहे. त्याच्या वेशी समुद्राकडे होत्या तशा खेड्यांकडेही होत्या, आणि त्या कोणासाठीं उघडावयाच्या यावरूनच वैर पेटलें. १२८८ सालीं शहर व खेडीं यांच्यांत उघड युद्ध झालें. स्वीडनचा राजा माग्नूस यास मध्यें पडावें लागलें.

१३६१ च्या जुलैंत डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार कसलेलें सैन्य घेऊन बेटावर उतरला. खेड्यांतील लोक मिळेल तें शस्त्र घेऊन मागें हटत हटत विस्बीच्या तटापाशीं आले. २७ जुलैस तेथें शेवटची लढाई झाली. वेस उघडली नाहीं. शहरचे लोक तटाच्या आंत होते; बाहेर सुमारें १,८०० गॉटलंडकर कापले गेले असें मानतात. दोनच दिवसांनीं शहर राजास शरण गेलें, आणि त्यानें शहराचे जुने हक्क कायम केले!

त्या प्रेतांस मोठमोठ्या खड्ड्यांत पुरलें. १९०५ पासून १९३० पर्यंत अधूनमधून झालेल्या उत्खननांत हजारांवर माणसांच्या अस्थि निघाल्या. कित्येकांच्या डोक्यावर लोखंडी कड्यांचीं शिरस्त्राणें तशींच होतीं. उन्हाळ्याच्या उष्म्यामुळें प्रेतें उतरवून घेण्यासही उसंत मिळाली नसावी. पायांच्या नळ्या तलवारीनें तुटलेल्या. आणि मृतांत मिसरूड न फुटलेलीं मुलें, म्हातारे व जुन्या दुखण्यानें लंगडे झालेले असे लोक पुष्कळ. धडधाकट पुरुष तेवढेच लढावयास गेले होते असें नाहीं. घरांत जो होता तो गेला.

शहराच्या बाजूनें असें म्हणतात कीं, वेस उघडली असती तर डेन सैन्यही पाठोपाठ आंत शिरलें असतें आणि बायकामुलांची कत्तल झाली असती. हा हिशेब चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु सत्तर वर्षांपूर्वीं याच लोकांशीं लढलेल्या शहरास तो हिशेब करतांना फारशी रात्र जागावी लागली असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. खड्ड्यांपाशीं एक दगडी क्रूस आहे. त्यावरील लॅटिन लेख गॉटलंडकर कोणाच्या हातीं पडले तें सांगतो, आणि कोठें तेंही सांगतो: विस्बीच्या वेशीपुढें.

बेट पुढें बहुतांशीं डेन्मार्ककडेच राहिलें व १६४५ च्या तहानें स्वीडनकडे आलें. खेड्यांत पूर्वीं सुबत्ता असतांना बांधलेलीं ९२ ख्रिस्ती देवळें मात्र जवळजवळ जशींच्या तशीं आहेत. नवीन बांधण्यास पुढें पैसाच उरला नाहीं. १९८४ पासून दर ऑगस्टांत विस्बींत मध्ययुगीन सप्ताह भरतो. लोक जुने पोषाख करून येतात व वाल्देमार राजाच्या प्रवेशाचा खेळ होतो. आतां वेशी उघड्याच असतात. बेटावरील लष्करी पलटण २००५ सालीं मोडली होती. शेजारील समुद्रांतील वारे पालटलेले पाहून स्वीडननें ती २०१८ सालीं पुन्हा उभी केली.