पबमध्ये वाजवणाऱ्या बँडला पैसे कसे मिळतात? आणि गर्दीच झाली नाही तर तोटा कुणाचा?

जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले. तेव्हा तुमच्या फीडवरही आठवडाभर दुसरं काही नसेल. त्याच महिन्याच्या शेवटी पंतप्रधान मोदींनी भुवनेश्वरमधल्या भाषणात 'कॉन्सर्ट इकॉनॉमी'चा उल्लेख केला आणि हा शब्द बातम्यांमध्ये रुजला.

या इकॉनॉमीचं दुसरं टोक बघायचं असेल तर एखाद्या बुधवारी रात्री नऊ वाजता पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या पबमध्ये जा. कोपऱ्यात चार-पाच जण वाजवत असतात. समोरच्या टेबलवर वाढदिवसाचा केक कापला जातोय, पलीकडचे दोघं स्क्रीनवर मॅच बघतायत. मध्येच वेटरच्या हातून टिश्यूवर लिहिलेली फर्माईश येते, "भाऊ, सैराटचं काहीतरी घ्या ना." बँड घेतो. लोक नाचतात. साडेअकराला सगळं आवरून ड्रमर स्वतःच्या सिंबल्स स्वतःच पाठीवर टाकून कॅब शोधायला लागतो.

त्याच्या खिशात काय पडलं?

याचं उत्तर 'रेट काय चाललाय' एवढ्यावर ठरत नाही. रात्र रिकामी गेली तर तोटा कुणी सोसायचा, यावर ते ठरतं. पबवाले आणि बँड यांच्यातले सगळे व्यवहार याच एका प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं आहेत.

सुपारी की तिकीटबारी?

हा प्रश्न आपल्याकडे अजिबात नवा नाही. तमाशाचे फड तो पिढ्यान् पिढ्या सोडवत आलेत. यात्रांच्या हंगामाआधी नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात आणि ठरावीक रकमेला खेळ ठरवून जातात. ही झाली सुपारी. पाऊस पडला, माणसं कमी आली, तरी ठरलेली रक्कम गावानं द्यायची. दुसरा मार्ग म्हणजे कनात ठोकून तिकिटावर खेळ करायचा. भरला तर मजा, नाही तर डिझेलचे पैसेही अंगावर.

पबमध्ये नावं इंग्रजी झाली, गणित तेच राहिलं. 'फिक्स्ड फी' म्हणजे सुपारी. 'डोअर डील' किंवा 'गेट शेअर' म्हणजे तिकीटबारी. तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधला, 'मिनिमम गॅरंटी': अमुक रक्कम नक्की, आणि तिकिटातला वाटा त्याहून जास्त झाला तर तो. बँडसाठी हा सगळ्यात बरा, म्हणूनच तो मिळायला सगळ्यात अवघड.

चौथा प्रकारही आहे. जेवण, दोन ड्रिंक्स आणि 'एक्स्पोजर'. त्याबद्दल फार लिहायची गरज नाही. एक्स्पोजरनं लाइटबिल भरता येत नाही, हे पबवाल्यालाही माहीत असतं.

एकेकाळी पाचवा प्रकारही होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईच्या हॉटेलांमध्ये आणि नंतर चर्चगेटच्या रेस्टॉरंटमध्ये बँड नेमलेले असायचे. त्यात गोव्याचे वादक मोठ्या संख्येनं होते. 'चिक चॉकलेट' या नावानं गाजलेले अँतोनियो झेवियर वाझ यांचा बँड ताजमहाल हॉटेलमध्ये वाजवायचा आणि तेच वाझ सी. रामचंद्र यांच्याबरोबर हिंदी सिनेमासाठीही काम करायचे. हॉटेलात बांधलेली जागा आणि दिवसा स्टुडिओ, अशा दोन पायांवर घर चालायचं. आज पबमध्ये 'रेसिडेन्सी' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा आठवड्यातला एक ठरलेला वार, एवढाच त्याचा अर्थ असतो.

गणित मांडून बघू

आकडे फक्त समजण्यासाठी घेतोय. समजा पाच जणांच्या बँडला 25 हजारांची फिक्स्ड फी ठरली. गिग एजंटमार्फत आलं असेल तर त्याचे 15 टक्के, म्हणजे 3,750 गेले. दोन रिहर्सलचं खोलीभाडं 3 हजार, सामानासह येण्याजाण्याचे 2 हजार. पबनं 10 टक्के टीडीएस कापला तर आणखी 2,500. उरले 13,750. प्रत्येकी 2,750. तीन तासांचे म्हणून ऐकायला बरे वाटतात. त्यात दोन रिहर्सल, साउंडचेकसाठी दुपारी चारला पोचणं आणि रात्री एकला घरी येणं धरा.

आता तोच बँड डोअर डीलवर. तिकीट 499, बुकिंग अ‍ॅपचं कमिशन 10 टक्के, उरलेल्यातले 70 टक्के बँडचे. 60 तिकिटं गेली तर बँडला सुमारे 18,860. त्या दिवशी मुसळधार पाऊस झाला आणि 22 लोक आले, तर 6,916. खर्च तेवढाच. हातात प्रत्येकी चारशे रुपयेसुद्धा राहत नाहीत.

(जाता जाता: तिकीट 499 का असतं? संगीत कार्यक्रमाच्या प्रवेशावर माणशी 500 रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे. त्याच्या वर गेलं की 18 टक्के.)

डोअर डीलमधली खरी मेख वेगळीच आहे. आपल्याकडे बरेच पब तिकीट न लावता 'कव्हर चार्ज' घेतात आणि तो खाण्यापिण्यात वळता करून देतात. म्हणजे तुम्ही दारात हजार रुपये दिलेत, तरी पबच्या हिशेबात ती बिअर आणि पनीर टिक्क्याची विक्री असते. बँडचा वाटा कशातून काढायचा? बारच्या गल्ल्यात बँडला वाटा सहसा नसतोच. बँड ऐकायला येऊन लोकांनी चार तास बसून बिल वाढवलं, तरी ती वाढ पबची. लोक आले नाहीत तर मात्र 'तुमचे फॉलोअर्स का नाही आले' हा प्रश्न बँडला. माझ्या मते हा सरळसरळ एकतर्फी सौदा आहे.

पैसे येतात एकाच्याच खात्यात

बहुतेक बँड कागदावर अस्तित्वातच नसतात. ना भागीदारी, ना कंपनी. बिल कुणीतरी एक जण स्वतःच्या पॅनवर देतो, सहसा ज्याला एक्सेल येतं तो. मग वर्षभरातली सगळी गिग्स आयकर खात्याच्या नोंदीत त्याचं एकट्याचं उत्पन्न म्हणून दिसतात. वाटून दिलेल्या पैशांचा हिशेब ठेवला नसेल तर रिटर्न भरताना गोंधळ ठरलेला.

एकाच पबकडून वर्षाला 50 हजारांपर्यंत व्यावसायिक फी मिळाली तर टीडीएस कापण्याची सक्ती नाही. एप्रिल 2025 आधी ही मर्यादा 30 हजार होती. कापलेला टीडीएस बुडत नाही, कर तेवढा बसत नसेल तर रिटर्न भरून परत मिळतो. पण तो मिळतो बिल देणाऱ्याला. ड्रमरच्या वाट्यातून कापलेले 500 रुपये गिटारिस्टच्या खात्यात परत येतात, आणि मग बँड फुटतात ते 'क्रिएटिव्ह डिफरन्सेस'मुळे, असं आपण वाचतो.

जीएसटीची एक गंमतही बघा. लोककला किंवा शास्त्रीय संगीताच्या कलाकाराला एका कार्यक्रमाच्या दीड लाखांपर्यंतच्या मानधनावर जीएसटी माफ आहे. रॉक किंवा बॉलिवूड बँड त्यात बसत नाही. त्यांना आधार एकच, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही.

आणि गाण्याचे पैसे?

पबमध्ये लाइव्ह गाणी वाजवायची तर शब्द आणि चालीच्या हक्कांसाठी आयपीआरएस या संस्थेचा परवाना लागतो. त्यातून रॉयल्टी जाते ती गीतकार, संगीतकार आणि संगीत कंपन्यांना. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा हा वाटा कायद्यानं पक्का झाला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत बाजू लावून धरली होती. त्या रात्री ते गाणं वाजवणाऱ्या बँडला मात्र यातलं काही मिळत नाही, कारण गाणं त्यांचं नाही.

स्वतःचं गाणं वाजवलं तर? संस्थेचं सदस्यत्व घेतलेलं असेल, गाणं नोंदवलेलं असेल आणि त्या रात्रीची सेटलिस्ट संस्थेपर्यंत पोचली असेल तर रॉयल्टीवर हक्क सांगता येतो. पण पबला हवी असतात सगळ्यांना पाठ असलेली गाणी, कारण टेबलं त्यावरच भरतात. म्हणजे गिग मिळतं दुसऱ्याच्या गाण्यांवर आणि रॉयल्टी मिळू शकते फक्त स्वतःच्या.

सगळ्यात मोठं दुखणं: 'पुढच्या आठवड्यात करतो'

फी कितीही ठरो, ती येते कधी? 30 दिवस, 60 दिवस, कधी मॅनेजर नोकरी सोडून जातो आणि नवा म्हणतो, "मला याची कल्पना नाही." पुरावा म्हणून बँडकडे व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक अंगठा असतो.

इथे एक कायदा उपयोगी पडू शकतो, आणि तो संगीताचा नाहीच. 2006 च्या एमएसएमई कायद्याखाली सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन करता येते. सेवा देणारेही यात येतात. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत आहे, पण गिगच्या आधी केलेली हवी. वर, 2024-25 च्या आकारणी वर्षापासून अशा उद्योगांचे मुदतीत न दिलेले पैसे त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. त्यामुळे पबच्या सीएला हा नियम चांगलाच माहीत असतो. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की तो त्याच्या नजरेत भरतो.

अर्थात, तक्रार केली की त्या पबमध्ये पुन्हा वाजवायला मिळेल का, हा प्रश्न उरतोच. म्हणून मुरलेले बँड भांडण शेवटी करण्याऐवजी सुरुवातीला करतात. निम्मे पैसे आधी, उरलेले साउंडचेक संपेपर्यंत. आणि रद्द झालं तर काय, हे लिहून. नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचं मतदान 20 तारखेला, बुधवारी होतं. मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद असते. बार बंद म्हणजे गिगही गेलं. रद्द झाल्याची अट लिहिलेली नसेल तर अशा रात्रीचा अ‍ॅडव्हान्स परत मागितला जातो.

कोल्डप्लेनं 2025 मधल्या ब्रिटनच्या शोमधून होणाऱ्या आपल्या कमाईतले 10 टक्के तिथल्या छोट्या संगीत-ठिकाणांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं होतं. मोठ्या शोच्या प्रत्येक तिकिटामागे थोडी रक्कम छोट्या ठिकाणांसाठी बाजूला काढावी, अशी मागणी तिथे संसदेच्या समितीनेही केली आहे. नवी मुंबईच्या तीन रात्रींच्या तिकिटांवर आपल्याकडे असा कुठलाही आकार नव्हता.