उजळणी हवीच!

‘टोचले की पोर तापते,’ म्हणून आमच्या गल्लीत ५ वर्षांच्या मुलांचा त्रिगुणी लशीचा डोस पुष्कळजणी टाळतात. माझ्या वहिनीनेही टाळला होता. मला हे पटत नाही. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या डोसांनी शरीर घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वाताशी लढायला शिकते. पण ही शक्ती वर्षागणिक ओसरते. म्हणून दीड व ५ वर्षांनी पुन्हा त्रिगुणी, तर १० व १६ वर्षांनी धनुर्वात-घटसर्पाची लस. पाढेसुद्धा उजळणीवाचून विसरतातच ना? एकदोन दिवसांचा ताप म्हणजे शरीर धडा गिरवते आहे. घटसर्प मात्र श्वासच कोंडतो. वहिनीला मी हेच समजावले. पुतण्याला सातवे वर्ष लागण्याआधी डोस मिळाला. मित्रांनो, आपापल्या घरातले लसीकरणाचे कार्ड आपण शिकणाऱ्यांनी तरी एकदा वाचावे!