कादंबरी सुचवा, पण एकटी सुचवू नका

परवा ऑफिसात एका नवीन पोराने विचारलं, "इतिहासावरचं एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या तिघांनी यादी म्हणून टाकली. श्रीमान योगी, स्वामी, छावा, पानिपत, राऊ. पाच नावं, पाचही कादंबऱ्या. पाचही वाचण्यासारख्या. पण त्या पोराने मागितला होता इतिहास! ही गल्लत आपण मराठी माणसं निदान पन्नास वर्षं करत आलोय, आणि मला आता तिचा मनापासून राग यायला लागलाय.

रागावण्याचा मला फारसा अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या शिवजयंतीला मला दहा मिनिटं बोलायला उभं केलं. मी महाराजांच्या तोंडचं एक झणझणीत वाक्य फेकलं, टाळ्याही पडल्या. खाली उतरल्यावर दुसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त आजोबा जवळ आले. "वाक्य छान होतं. कुठल्या पत्रातलं?" मी म्हटलं, "श्रीमान योगीत आहे." ते शांतपणे म्हणाले, "मग रणजित देसायांचं म्हणायचं ना."

मला घाम फुटला. पण खरी गंमत पुढेच. (गंमत कसली, शरमच.) माझी मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिने तेच वाक्य शाळेच्या निबंधात महाराजांच्या नावावर लिहिलं आणि बाईंनी त्याखाली लाल शाईत 'सुंदर' असा शेरा दिला. म्हणजे कादंबरीतला एक संवाद माझ्या तोंडून दोन टप्प्यांत इतिहास झाला. कुणीही खोटं बोललं नव्हतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं, "हे कुठून आलं?"

गैरसमज नको. मी कादंबऱ्यांच्या विरोधात नाही. स्वामी मी नववीत वाचली आणि शेवटची पानं उशीत तोंड खुपसून वाचली. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले, तेव्हा त्यांचं वय २७. हे मला परीक्षेसाठी कधीच पाठ करावं लागलं नाही, ते कादंबरीमुळेच. पण थेऊरला त्या शेवटच्या दिवसांत माधवराव आणि रमाबाई एकमेकांशी काय बोलले, हे टिपून घ्यायला तिथे कारकून बसला नव्हता. ते देसायांनी लिहिलं. लेखकाचं ते कामच आहे, त्यांची काहीच चूक नाही. चूक आपली, जी आपण पुस्तक मिटल्यावर करतो.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे कळायला खरं तर सोपं आहे. रात्री दोनला सर्व्हर झोपला तर आपण क्लायंटला दाखवलेलं रंगीत प्रेझेंटेशन उघडत नाही, लॉग उघडतो. इतिहासात मात्र आपण प्रेझेंटेशन छातीशी धरून भांडत बसतो.

'त्यात काय बिघडलं?' असं म्हणणाऱ्यांसाठी अलीकडचं उदाहरण. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' कादंबरीवरचा सिनेमा आला. मार्चमध्ये बातम्या आल्या, की बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं उकरतायत, सोन्याची नाणी शोधायला! संभाजी महाराजांच्या फौजेने १६८१ मध्ये बुऱ्हाणपूर लुटलं हे खरंच. पण त्या लुटीपासून या खड्ड्यांपर्यंत पोचायला मध्ये एक तरी कागद लागतो, याची कुणाला फिकीर नव्हती.

आणि संभाजी महाराजांवर जीव असणाऱ्यांनी तर हा मुद्दा आधी समजून घ्यायला हवा. व्यसनी, रंगेल, बेजबाबदार असा संभाजी मराठी रसिकांच्या डोक्यात कुणी रुजवला? बखरींनी सुरुवात केली आणि रंगभूमीने कळस चढवला. राम गणेश गडकऱ्यांचं अपुरं राहिलेलं 'राजसंन्यास' आठवा. प्रेक्षक रडले आणि त्यालाच इतिहास समजले. ती प्रतिमा दुसऱ्या नाटकाने पुसली नाही. ती पुसायला वा. सी. बेंद्रे वर्षानुवर्षं दफ्तरांतले कागद चाळत बसले आणि १९६० मध्ये त्यांचा संभाजी महाराजांवरचा ग्रंथ आला. शिवाजी सावंतांची 'छावा' आली १९७९ मध्ये. क्रम बघा. आधी कागद, मग कादंबरी. ज्या नायकासाठी आज आपण मुठी आवळतो, तो आपल्याला एका चिकट माणसाच्या कागद चिवडण्याने परत मिळालाय. ललित लेखनाने एकदा तारलं म्हणून ते नेहमीच तारेल, असं समजू नका. त्यानेच आधी बुडवलंही होतं.

उलट बाजूचे पंडितही काही कमी नाहीत. 'कादंबऱ्या म्हणजे कचरा, मूळ साधनं वाचा' असं म्हणून जे पेशवे दफ्तराचे ४५ खंड तोंडावर फेकतात, ते नव्या वाचकाला पळवून लावतात. मला दोन्ही कंपू मान्य नाहीत. माझं मागणं साधं आहे. कादंबरी जरूर सुचवा, पण जोडीने सुचवा.

विश्वास पाटलांचं 'पानिपत' (१९८८) देताय? सोबत नाना फडणवीसांचं छोटंसं आत्मवृत्त द्या. १४ जानेवारी १७६१ ला नाना तिथे होते, वय अठरा. आई त्या धामधुमीत कायमची हरवली, स्वतः वेष टाकून पायी जीव वाचवला. त्यात शौर्याची एक आरोळी नाही, आणि म्हणूनच अंगावर काटा येतो. पुढे भूक वाढली तर त्र्यं. शं. शेजवलकर आहेतच. ते कुणाची भीड ठेवत नाहीत.

'श्रीमान योगी' देताय? मग तिच्यात प्रस्तावना म्हणून छापलेलं नरहर कुरुंदकरांचं पत्र गाळू नका. आपण सगळे ते गाळतो! आणि सोबत सभासद बखर. पण तीही डोळे उघडे ठेवून. महाराज १६८० मध्ये गेले, आणि सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलं ते त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी. लॉगसुद्धा कुणीतरी काय लिहायचं ते ठरवूनच लिहितो.

आणि ज्याला एकच पुस्तक हवंय, त्याला गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' द्या. वरसईचा एक गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७ च्या बंडात सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा हा माणूस शहरात होता. लुटला गेला, आणि तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आला. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं, पण हात फिरवून. मूळ बरहुकूम मजकूर पुढे १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी काढला. शक्यतो तोच मिळवा.

'वेळ कुठाय?' हे मला सांगू नका. नानांचं आत्मवृत्त एका बैठकीत संपतं, सभासद एका वीकेंडात. सहा-सातशे पानांची कादंबरी वाचणाऱ्याने वेळेची सबब सांगू नये. :)

त्या पोराला मी शेवटी 'पानिपत' आणि नाना, दोन्ही दिलं. मुलीलाही ते निबंधातलं वाक्य कुणाचं होतं ते सांगितलं. "मग बाईंना सांगू का?" तिने विचारलं. मी म्हटलं, सांग.