डोंगरवाटेची गाडी आणि कायद्याची चाकोरी

प्रतिनिधी

चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी ही एकेकाळी लष्कर, वनखाते आणि दुर्गम भागातील वाहतूकदार यांची गरज होती. आता ती शहरी नोकरदाराची हौस झाली आहे. शनिवार-रविवारी घाटमाथ्यावरील चिखलवाटांकडे निघणाऱ्या अशा गाड्यांकडे बारकाईने पाहिले, तर त्यांतील अनेक गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा राहिलेल्या नसल्याचे दिसून येते. कुणी उंची वाढवलेली असते, कुणी मूळ मापापेक्षा मोठे टायर चढवलेले असतात, कुणी पुढे जाड लोखंडी बंपर आणि विंच बसवलेली असते. यांतील बहुतेक साहित्य बाजारात उघडपणे मिळते. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्यातील बराचसा भाग गुन्ह्यात मोडतो. उघड बाजार आणि कडक कायदा यांच्यामधील ही दरी गाडीत बसणाऱ्यांच्या, तसेच रस्त्यावरून चालणाऱ्यांच्या जिवाशी निगडित आहे.

गाडीत फेरफार करण्याची आपल्याकडील परंपरा नवी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या काळात 'महिंद्र'ने अमेरिकी 'विलीज' जीपची जुळणी सुरू केली आणि तीच रचना पुढे अनेक दशके देशभर धावत राहिली. डिसेंबर १९८५ मध्ये 'मारुती'ची 'जिप्सी' बाजारात आली. या गाड्यांची रचना साधी होती. चेसिस वेगळी, त्यावर सांगाडा वेगळा. त्यामुळे गावातला मिस्त्रीही पाटे बदलू शके, इंजिन बदलू शके. हरयाणातील मंडी डबवालीसारख्या गावाची ओळखच जुन्या जीपगाड्यांना नवे रूप देणारा बाजार अशी झाली. २०१० मध्ये आलेली 'थार', ऑक्टोबर २०२० मधील तिची नवी आवृत्ती आणि जून २०२३ मध्ये दाखल झालेली पाच दारांची 'जिम्नी' यांनी हा छंद जाणकारांच्या छोट्या वर्तुळातून काढून थेट सर्वसामान्य खरेदीदारापर्यंत नेला. गाडी बदलली, ग्राहक बदलला. पण फेरफाराची रीत मात्र जुन्या जीपच्या काळातीलच राहिली. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

उंचीचे गणित

सर्वाधिक मागणी असते ती गाडीची उंची वाढवणाऱ्या 'लिफ्ट किट'ला. अधिक लांबीच्या स्प्रिंग व शॉक ॲब्सॉर्बर बसवून गाडीचा सांगाडा वर उचलला जातो. यामुळे पुढचा-मागचा भाग चढावर घासत नाही, हे खरे. पण अखंड आस असलेल्या गाडीत जमिनीला सर्वांत जवळ असतो तो आसावरचा डिफरन्शियलचा गोळा आणि तो स्प्रिंग बदलल्याने तसूभरही वर जात नाही. तो वर जातो केवळ मोठ्या टायरने. म्हणजे हजारो रुपये खर्चूनही दगडाला अडणारा भाग जेथे होता तेथेच राहतो आणि गुरुत्वमध्य मात्र वर सरकतो. घाटातील वळणावर किंवा महामार्गावर अचानक स्टिअरिंग फिरवावे लागल्यास अशी गाडी उलटण्याचा धोका वाढतो. प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलल्याने सांधे लवकर झिजतात, पुढच्या चाकांची भूमिती बिघडते आणि ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात. जाणकार मिस्त्री याचा बंदोबस्त करतो. स्वस्तातले काम करणारा करत नाही.

टायरचेही तसेच आहे. 'थार'च्या वरच्या श्रेणीतील गाडीला २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी ३३ इंची, म्हणजे सुमारे ८३८ मिलिमीटर व्यासाचे टायर घातले, तर गाडी आसासकट वर उठते ती जेमतेम २५ मिलिमीटर. त्या बदल्यात चाकाचा घेर सहा टक्क्यांनी वाढतो. वेगमापक ताशी १०० किलोमीटर दाखवत असताना गाडी मूळ हिशेबापेक्षा सहा किलोमीटर अधिक वेगाने धावत असते. तेवढ्याच जोराने ब्रेक दाबला तरी रस्त्यावर मिळणारी पकड त्याच प्रमाणात घटते. टायर जड असल्याने गाडी थांबायला आणखी अंतर लागते. चिखलात मिळालेल्या इंचभर उंचीची किंमत अशा रीतीने डांबरी रस्त्यावर मोजावी लागते आणि हौशी चालकाच्या गाडीचे बहुतांश आयुष्य डांबरी रस्त्यावरच जाते, हे विसरून चालणार नाही.

पुढच्या लोखंडी संरक्षक पट्ट्यांबाबत तर शंकेला जागा नाही. आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा आणि धक्क्याची ऊर्जा त्यात जिरावी, अशी रचना असते. एअरबॅगचे संवेदक त्याच हिशेबाने बसवलेले असतात. चेसिसला थेट जोडलेली जाड पट्टी हा हिशेब बिघडवते. पादचाऱ्याला बसणारा मार तर कितीतरी पटीने वाढतो. म्हणूनच केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून अशा पट्ट्यांवर कारवाई करण्यास सांगितले होते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ यासंदर्भात निर्णायक आहे. उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, असे हे कलम सांगते. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठीच्या मान्यताप्राप्त किटला त्यात सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा अर्थ अधिक स्पष्ट केला आणि उत्पादकाच्या मूळ, चाचणी झालेल्या नमुन्यापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी झालेल्या कायदादुरुस्तीने शिक्षाही ठरवून दिली. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यामागील तर्क समजण्याजोगा आहे. कोणतेही नवे वाहन विक्रीस येण्यापूर्वी पुण्यातील 'एआरएआय' किंवा अहिल्यानगर येथील 'व्हीआरडीई' यांसारख्या अधिकृत संस्थांमध्ये ब्रेक, दिवे, धूर आणि सुरक्षितता यांच्या कसोट्यांतून जाते. त्यानंतर रस्त्याकडेच्या गॅरेजात दोन दिवसांत ती सारी रचना बदलली, तर त्या चाचण्यांना अर्थ उरत नाही.

परंतु कायद्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. २०१९ च्या दुरुस्तीनेच केंद्र सरकारला वाहनातील बदलांसाठी निकष, मंजुरीच्या अटी आणि इतर बाबी ठरवून देण्याचा अधिकार दिला आहे. अशा मान्य बदलांमुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे दार उघडे आहे. पण उंची, टायर, बंपर, विंच अशा आडवाटांवरील वापरासाठीच्या फेरफारांना मंजुरी मिळवण्याची सोपी वाट सर्वसामान्य मालकाला आजही उपलब्ध नाही. परिणामी प्रामाणिकपणे विचारणा करणाऱ्यास नकार मिळतो आणि न विचारता बदल करणारा पकडला जाईपर्यंत निर्धास्त फिरतो. चांगले काम करणारा कारागीर आणि निकृष्ट किट विकणारा दुकानदार हे दोघे कायद्याच्या लेखी सारखेच ठरतात. अपघात झाला आणि विमा कंपनीने अघोषित फेरफाराचे कारण पुढे करून दावा नाकारला, तर त्याचा फटका मात्र मालकालाच बसतो.

नदी, वाळू आणि चित्रफिती

फेरफाराचा आणखी एक परिणाम मानसिक आहे. गाडी उंच झाली, वर श्वासनळीसारखा 'स्नॉर्केल' बसला की ती कुठेही जाईल, असा समज चालकाच्या मनात घर करतो. नव्या 'थार'ची पाण्यातून जाण्याची उत्पादकाने जाहीर केलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे. स्नॉर्केलमुळे इंजिनाला लागणारी हवा वरून घेतली जाते, एवढेच. गाडीचे वजन किंवा पाण्याचा जोर त्याने बदलत नाही. वेगाने वाहणारे दोन फूट पाणीही मोठ्या गाडीला वाहून नेऊ शकते.

डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलमधील लाहौल भागात वाहतूक कोंडी चुकवण्यासाठी चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी घातल्याची चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी चालकावर कारवाई केली. जून २०२४ मध्ये कच्छमधील मुंद्रा परिसरात समुद्रात घातलेल्या दोन गाड्या अडकल्या आणि त्यांच्या चालकांवर गुन्हा नोंदला गेला. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यांवरही वाळूत रुतलेल्या गाड्या बाहेर काढण्याचे प्रसंग वारंवार येतात. वेळास, आंजर्ले किंवा गोव्यातील मोरजी, गालजीबाग येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूवरून गेलेल्या चाकांखाली घरटी चिरडली जाऊ शकतात आणि चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत अडकलेली पिले समुद्रापर्यंत पोहोचू शकत नाहीत. गाडीची क्षमता वाढली म्हणून तेथे जाण्याचा हक्क मिळतो, असे नाही.

गंमत अशी, की आडवाटांवर सर्वाधिक उपयोगी पडणाऱ्या गोष्टींना फेरफार लागतच नाही. वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधील हवा कमी करणे आणि डांबरावर परतताना ती पुन्हा भरणे, हा सर्वांत स्वस्त उपाय. उत्पादकाने मान्य केलेल्या मापातीलच, पण खोल नक्षीचे टायर, ओढून काढण्यासाठी मजबूत पट्टा व हूक आणि सोबतीला दुसरी गाडी एवढ्यावर हौशी चालकाचे बहुतेक काम भागते. विंच बसवायचीच तर तिची क्षमता गाडीच्या एकूण भारित वजनाच्या किमान दीडपट असावी, असा जाणकारांचा दंडक आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लो रेंज कधी वापरावी, डिफरन्शियल लॉक कधी लावावे आणि कधी माघार घ्यावी, याचे शिक्षण. ते कोणत्याही किटबरोबर मिळत नाही.

मधला मार्ग

इतर देशांनी या प्रश्नावर मार्ग काढला आहे. ऑस्ट्रेलियात वाहनातील बदलांसाठी 'व्हीएसबी-१४' ही राष्ट्रीय संहिता आहे. ठराविक मर्यादेतील छोटे बदल स्वतंत्र प्रमाणपत्राविना चालतात. त्यापुढील बदलांना मान्यताप्राप्त अभियंत्याची तपासणी लागते. मर्यादा राज्यागणिक वेगळ्या असल्या तरी तत्त्व एकच आहे. जर्मनीत 'ट्यूव्ह'सारख्या संस्था सुट्या भागांची आणि बदललेल्या वाहनाची तपासणी करतात आणि मान्य बदल वाहनाच्या कागदपत्रांत नोंदला जातो. दोन्हीकडे नियम कडकच आहेत. पण ते 'काहीच करू नका' असे न सांगता 'हे करा आणि तपासून घ्या' असे सांगतात.

आपल्याकडेही वर्गवारी शक्य आहे. संरक्षक पट्ट्या, डोळे दिपवणारे दिवे आणि कर्कश सायलेन्सर यांवर बंदी कायम राहावी. त्यांचा आडवाटेशी संबंध नाही. टायरचे माप व उंची यांत ठराविक मर्यादेपर्यंतचा बदल चाचणी झालेल्या, शिक्का असलेल्या किटनेच आणि नोंदणी पुस्तिकेत नोंद करूनच करता यावा. स्पर्धांसाठी आमूलाग्र बदललेल्या गाड्यांचा वर्ग वेगळा असावा. २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'रेनफॉरेस्ट चॅलेंज'सारख्या स्पर्धांत उतरणाऱ्या गाडीची जागा सार्वजनिक रस्ता नव्हे. तिने ट्रेलरवरून मैदानापर्यंत जावे. आणि अशी मैदाने असायला हवीत. पडीक खाणी, खासगी माळरान अशा ठिकाणी स्थानिकांच्या संमतीने आखलेले मार्ग मिळाले, तर नदीपात्रे आणि किनारे मोकळे राहतील आणि गावालाही चार पैसे मिळतील.

चाचणीची यंत्रणा याच राज्यात आहे, कायद्यातील तरतूदही पाच-सहा वर्षांपासून आहे. उणीव आहे ती या दोहोंना जोडणाऱ्या नियमावलीची. ती येईपर्यंत मालकाने गाडी गॅरेजात नेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी. उत्तर नकारार्थी आले, तर तो बदल टाळणेच हिताचे.