फासा कोणाच्या हाती?

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या टेबलावर वार करायच्या मुळात दोनच तऱ्हा. एकीत मारणारा 20 बाजूंचा फासा टाकतो, त्यात आपले गुण मिळवतो आणि बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी किंवा त्याहून जास्त झाली की वार लागतो. दुसरीत मारणाऱ्याला नेम धरावाच लागत नाही. ज्याच्यावर संकट आलं तोच सेव्हिंग थ्रोचा फासा टाकतो आणि ठरलेला आकडा गाठला तर सुटतो, किंवा निदान निम्म्या इजेवर भागतं. तलवार, बाण, जादूचा किरण ही पहिली तऱ्हा. फायरबॉल आणि ड्रॅगनचा जळता श्वास ही दुसरी.

एकाच लढाईत दोन तऱ्हा कशाला, हा प्रश्न रास्त आहे. 2008 च्या चौथ्या आवृत्तीने त्याचं सरळ उत्तर दिलं: फासा नेहमी मारणाऱ्याचाच. आर्मर क्लासच्या जोडीला फॉर्टिट्यूड, रिफ्लेक्स आणि विल हे तीन ठरीव आकडे आले आणि सगळे वार एकाच साच्यात बसले. नवख्याला शिकवायला हे सोपं पडतं. शिवाय जादूगार खेळणाऱ्याला आपल्या मंत्राचा फासा स्वतः टाकायला मिळतो. आजच्या नियमांत फायरबॉल टाकणाऱ्याच्या वाट्याला फक्त इजेचे 8 फासे येतात. समोरचे गॉब्लिन वाचले की नाही ते डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, फासे टाकून ठरवतो, आणि त्या बिचाऱ्याला आधीच शंभर कामं असतात.

तरीही 2014 च्या पाचव्या आवृत्तीने सेव्हिंग थ्रोला जुना मान परत दिला, ते मला मनापासून पटतं. 2014 च्या त्या नियमांत प्रौढ लाल ड्रॅगनने श्वास सोडला की 6 बाजूंचे 18 फासे पडत, म्हणजे सरासरी 63 इजा. निम्म्यावर सुटायचं तर 21 गाठायचे असत. त्या वेळी फासा आपल्या मुठीत असावा, पडलेलं दान आपलंच असावं. गणिताने दोन्ही तऱ्हांची शक्यता सारखी बसवता येते, पण डीएमच्या फाशाने मरणं आणि स्वतःच्या फाशाने मरणं या टेबलावर दोन निराळ्या गोष्टी आहेत.

खरी कुरबुर नावांवरून होते. 2014 च्या पुस्तकात ‘मेली वेपन अटॅक’ (जवळून केलेला हत्याराचा वार) हा एक प्रकार आणि ‘मेली वेपनने केलेला अटॅक’ ही वेगळी गोष्ट. ठोसा पहिल्यात बसतो, दुसऱ्यात नाही. खंजीर फेकला की हत्यार जवळचं, पण वार लांबचा. यामागे कारण होतं: ठोशांनी लढणाऱ्या मंकची शत्रूला सुन्न करणारी विद्या पहिल्या प्रकारावर बेतलेली होती, तेव्हा ठोसा त्यात मोजणं भागच होतं. पण मग पॅलडिन या धर्मयोद्ध्याला ठोशासोबत डिव्हाइन स्माइट ही जादा इजा करणारी शक्ती वापरता येईल का? तिची अटही तीच, मात्र ती जादा इजा ‘हत्याराच्या इजेत’ मिळवायची, आणि ठोसा काही हत्यार नव्हे. असा शब्दांचा कीस काढता काढता ऐन लढाईचा रंग उतरतो. 2024 च्या पुस्तकाने ‘हत्यार किंवा ठोसा’ असं साफ लिहिलं. शब्द वाढले, वाद मिटला. त्याच पुस्तकाने स्माइटला मंत्र करून एका खेपेला एकदाच मिळणाऱ्या बोनस ॲक्शनला बांधलं, त्यामुळे एका खेपेला तो एकदाच वापरता येतो. पॅलडिन खेळणारे त्याबद्दल हळहळतात, ती हळहळ मला समजते.

कुठला प्रकार ठेवावा, याची माझी कसोटी एकच: त्याने खेळणाऱ्याचा निर्णय बदलतो का? सावध शत्रू 5 फुटांत असला की लांबच्या वाराला दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो. म्हणून तिरंदाज मागे सरकतो. हा जवळ-लांबचा भेद ठेवायलाच हवा.

या कसोटीवर माझं मन अडखळतं ते तिसऱ्या आवृत्तीतल्या टच अटॅकपाशी. त्यात चिलखत मोजत नसत, नुसता स्पर्श झाला की पुरे. लोखंडात मढलेल्या सरदारावर किरण टाकावा की गदा चालवावी, हा विचार त्यामुळे खरोखर करावा लागे. पण खवले हेही चिलखतच. 2003 च्या सुधारित नियमांत प्रौढ लाल ड्रॅगनचा आर्मर क्लास 29, आणि स्पर्शाला फक्त 8. त्या पातळीच्या जादूगाराचा किरण जवळजवळ चुकतच नसे. मला टच अटॅक परत हवा आहे, पण माणसाच्या अंगावरच्या चिलखतापुरताच. ड्रॅगनच्या खवल्यांना तो लागू नको.