रोगाचा पत्ता नकाशावर

१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा हा रोग दूषित हवेतून पसरतो असेच बहुतेक डॉक्टर मानत होते. डॉ. जॉन स्नो यांनी माणसे दगावलेली घरे शोधली आणि तिथे पाणी कुठून येते, याची चौकशी केली. बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाच्या आसपास झाले होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. पुढे स्नो यांनी या मृत्यूंचा नकाशाही प्रसिद्ध केला. त्यांना बळ दिले ते अपवादांनी. पंपाजवळच्याच एका वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, मोजकेच मृत्यू झाले होते, कारण तिथे स्वतंत्र विहीर होती.

भौगोलिक माहिती प्रणाली, म्हणजे जीआयएस, हेच काम संगणकावर करते. घरे, रस्ते, जलवाहिन्या, गटारे, रुग्ण अशी प्रत्येक माहिती वेगळ्या पारदर्शक कागदावर काढून ते कागद एकमेकांवर ठेवावेत, तसे हे थर असतात. त्यांना जोडणारा धागा म्हणजे अक्षांश-रेखांश. २०२५च्या सुरुवातीला पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही रुग्ण कुठे राहतात हे पाहूनच पाण्याच्या स्रोतांकडे लक्ष गेले.

मात्र जीआयएस शिकणे म्हणजे सॉफ्टवेअरमधली बटणे शिकणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. पाया कच्चा असेल तर सुबक, रंगीत नकाशाही दिशाभूल करतो आणि फवारणीचे पथक भलत्याच गल्लीत जाते.

पहिला पाया ठिकाणाच्या अचूकतेचा. अक्षांशात दशांश चिन्हापुढे दोनच आकडे ठेवले, तर जागा सुमारे एक किलोमीटरपर्यंत सरकू शकते. चार ठेवले तर चूक दहा-बारा मीटरच्या आत राहते. केवळ पिनकोड नोंदवला, तर अनेक गावे एकाच ठिपक्यात गोळा होतात.

दुसरा पाया भागाकाराचा. समजा, ८० हजार वस्तीच्या प्रभागात डेंग्यूचे ४० रुग्ण आहेत आणि ५ हजारांच्या वस्तीत १०. ठिपके पहिल्या ठिकाणी दाट दिसतील. पण लाखामागे हिशेब केला, तर तिथे ५० रुग्ण आणि छोट्या वस्तीत २००. आधी धावायचे कुठे, हे ठिपके मोजून कळत नाही.

तिसरा पाया संयमाचा. दोन गोष्टी नकाशावर शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. नकाशा संशयित दाखवतो. पुरावा पाण्याच्या नमुन्यातून आणि घरोघरच्या चौकशीतूनच मिळतो.

हे शिकायला खर्चाची सबब आता चालणार नाही. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उपग्रहचित्रे पाहता येतात आणि फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र सरकारने नकाशे तयार करण्यावरचे निर्बंध बरेच सैल केले आहेत. उणीव आहे ती शिकवण्याची, आणि योग्य माणसांना शिकवण्याची. आशाताई, आरोग्यसेवक आणि विहिरीत टीसीएल टाकणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक यांना आपल्या गावाची वस्ती कागदावर तोंडपाठ असते. तालुका पातळीवर त्यांना या तीन गोष्टी शिकवल्या, तर त्यांच्या नोंदी नुसत्या वर पाठवण्यापुरत्या उरणार नाहीत.

त्यासोबत एक पथ्यही शिकवायला हवे. रुग्णाच्या घरावरचा ठिपका जाहीर नकाशावर कधीच येऊ नये. लोकांसमोर ठेवायचा नकाशा प्रभागाचा किंवा गावाचा असावा. घराचा नेमका ठिपका उपचार आणि तपास करणाऱ्यांपुरताच राहिला पाहिजे.

साथीत पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे असतात. माहिती जिल्ह्याला पोहोचून तिचा नकाशा परत येण्याची वाट पाहण्यापेक्षा, ती गोळा करणाऱ्यालाच वाचता आली, तर गावातली दूषित विहीर त्याच आठवड्यात बंद करता येईल.