घरची माशांची पेटी : आधी पाणी, मग मासे



दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत एका गावी कापसाचे प्लॉट पाहायला गेलो होतो. चहासाठी एका घरी थांबलो. ओसरीवर तीन फूट लांबीची लाकडी पेटी होती. समोरून काच, आत स्वच्छ पाणी, तळाला नदीतली वाळू-खडी. घरातल्या नववीतल्या मुलाने सुताराच्या मदतीने प्लायवूडची ती पेटी केली होती. काम नीटनेटके होते. पण पाण्यात एकही मासा नव्हता.

मुलगा म्हणाला, "साहेब, चाळीस गप्पी आणले होते. नवव्या दिवसापर्यंत सगळे मेले. आतून लावलेला लेप विषारी असेल का?"

आजी आतूनच म्हणाल्या, "मी सांगत होते, मुक्या जिवांना कोंडू नये."

लेपाचा दोष नव्हता. पेटी तयार झाली होती, पाणी तयार झाले नव्हते. हीच चूक मी स्वतःही माझ्या पहिल्या पेटीत केली होती. अशी पेटी करावी असे पुष्कळ घरी मुलांच्या मनात असते. म्हणून त्या मुलाला सांगितले तेच आज सविस्तर सांगतो.

प्लायवूड कशासाठी?

दोन फुटांपर्यंतची पेटी हवी असेल, तर काचेची तयार पेटी घ्या. तेवढ्यासाठी प्लायवूडचा खटाटोप परवडत नाही. तीन फुटांच्या पुढे मात्र प्लायवूड उपयोगी पडते. भार लाकूड पेलते आणि जाड काच एकाच बाजूला लागते. शिवाय लाकडातून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे दिवसा-रात्रीच्या तापमानाचा फरक पाण्याला कमी जाणवतो.

प्लायवूड मरीन प्रतीचे, पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर जाडीचे घ्या. त्यावर आय. एस. ७१० ही खूण असते. कीड लागू नये म्हणून या प्लायवूडला औषध दिलेले असते. तेव्हा लाकूड पाण्याला कुठेही उघडे लागता कामा नये.

माप आणि भार

आतून ९० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच हे माप पहिल्या पेटीला पुरेसे आहे. पाणी ४० सेंटिमीटरपर्यंत भरले, तर ते १६२ लिटर होते. म्हणजे पाण्याचेच वजन १६२ किलो. त्यात खडी आणि पेटीचे वजन धरा, की झाले दोन क्विंटल. घरातले टेबल किंवा फळी एवढा भार घेणार नाही. जमिनीवर विटांचा समपातळीत ओटा करा आणि त्यावर पेटी ठेवा. भरलेली पेटी पुन्हा हलवता येत नाही, म्हणून जागा आधीच ठरवा. थेट ऊन नको, कारण शेवाळ माजते. चुलीचा धूरही नको.

समोरच्या बाजूवर पाणी सुमारे ७२ किलोने रेटते. एखादा माणूस चोवीस तास टेकून उभा आहे असे समजा. लांबी दुप्पट केली तर हा रेटा दुप्पट होतो, पण पाण्याची खोली दुप्पट केली तर तो चौपट होतो. मोठी पेटी करायची असेल तर लांब करा, खोल करू नका.

कापणी आणि जोडणी

आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यात सगळे काम बसते. तळ ९४ बाय ४९ सेंटिमीटर, मागची व पुढची बाजू प्रत्येकी ९४ बाय ४५, आणि दोन कडेच्या बाजू ४५ बाय ४५. तळावर चारही बाजू उभ्या राहतात. कडेच्या बाजू पुढच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये येतात. उरलेल्या तुकड्यांतून सहा-सात सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या काढून वरच्या काठाला चौकट बसवा. ती विसरू नका. चौकटीशिवाय बाजू मध्यभागी फुगतात आणि सांधे उकलतात.

पुढच्या फळीत ७८ बाय ३३ सेंटिमीटरची खिडकी कापा. तिचे कोपरे गोलसर ठेवा. सांध्यांना पाण्यात टिकणारा डिंक लावून दोन इंची स्टेनलेस स्टीलचे स्क्रू दर चार इंचांवर मारा. आधी बारीक भोक पाडले नाही तर प्लायवूडच्या कडा फाटतात.

लेप

सगळी पेटी इथे उभी राहते किंवा पडते. ऑइलपेंट पाण्याखाली टिकत नाही. दोन डब्यांचा इपॉक्सी लेप घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. अंदाजाने मिसळलेला लेप चिकटच राहतो आणि तो मात्र माशांना खरोखर घातक असतो. आतल्या सर्व कोपऱ्यांत काचतंतूच्या कापडाची पट्टी लेपात भिजवून बसवा. मग आतून तीन हात द्या. प्रत्येक हातानंतर वाळल्यावर पॉलिश पेपरने हलके घासून घ्या. खिडकीच्या कापलेल्या कडांना एक हात जास्त द्या, कारण पाणी प्लायवूडच्या थरांत कडेतूनच शिरते. तळाला बाहेरूनही एक हात द्या. बाकी बाहेरून ऑइलपेंट चालेल.

काम उघड्यावर आणि हातमोजे घालून करा. लहान मुलांना लेपापासून दूर ठेवा. पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत लेप नीट धरत नाही. शेवटच्या हातानंतर पूर्ण आठवडा वाळू द्या.

काच

८९ बाय ४४ सेंटिमीटरची, आठ मिलिमीटर जाडीची काच घ्या. कडा घासून घ्यायला सांगा. काच नेहमी आतून बसवायची, म्हणजे पाण्याचा रेटा तिला चौकटीवर दाबून धरतो. बाहेरून बसवली तर तोच रेटा तिला ढकलून देतो.

पेटी खिडकीच्या बाजूवर आडवी करा. खिडकीभोवतीची लेपाची जागा पॉलिश पेपरने खरबरीत करून पुसून घ्या. तिथे सिलिकॉनचा सलग जाड थर द्या. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले, माशांच्या पेटीसाठीचे घ्या. काच ठेवून हलके दाबा; सगळे सिलिकॉन बाहेर येईल इतके दाबू नका. चारही कडांना आतून आणखी एक पट्टी ओढा. आंबट वास पूर्ण जाईपर्यंत, निदान आठवडाभर, हात लावू नका.

चाचणी

पहिली भरणी अंगणात करा. दहा-दहा सेंटिमीटर पाणी चढवत दोन दिवसांत पेटी भरा आणि तीन दिवस ठेवा. पातळीवर पेन्सिलने खूण करा. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवून तिलाही खूण करा. दोन्हींची पातळी सारखीच उतरली तर ती हवेने उडालेली वाफ समजा. पेटीची जास्त उतरली तर कुठेतरी गळती आहे. चाचणीचे पाणी फेकून द्या आणि पेटी धुऊन घ्या. साबण किंवा पावडर वापरू नका.

पाण्याला विरजण

आता त्या चाळीस माशांकडे येऊ.

शेतात युरिया टाकला, की त्याचा आधी अमोनिया होतो. जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास मातीतून वेगळे केले. पेटीतही हेच घडते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया होतो. अमोनिया माशांना विष आहे. नायट्राइटही विष आहे. त्यामुळे माशांच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट मात्र बेताचे असेल तर सोसते. आम्ही कॉलेजात दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूचे नाव नायट्रोबॅक्टर शिकलो. माशांच्या पेटीत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, असे पुढे आढळले.

नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. ते वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या मुलाने पहिल्याच दिवशी चाळीस मासे सोडले. ते स्वतःच्याच अमोनियाने मेले.

दुधाला विरजण लागते, तसे पाण्यालाही लागते. कुणाकडे जुनी, निरोगी पेटी असेल तर तिच्या गाळणीतल्या स्पंजचा तुकडा ओला ठेवून आणा आणि आपल्या गाळणीत घाला. बाजारात हवेच्या पंपावर चालणारी स्पंजची साधी गाळणी मिळते, ती पुरे. जिवाणू त्या स्पंजवर आणि खडीवर राहतात.

सुरुवातीला पाचच गप्पी सोडा. "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" ही भिंतीवरची ओळ आपण सर्वांनी वाचली आहे. बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत गप्पी मिळतात, विचारून पाहा. दीड महिन्यानंतर थोडे थोडे वाढवत पंचवीसपर्यंत जा. त्यापुढे नको. आपल्याकडे वीज जाते, पंप बंद पडतो, आणि गर्दी असली की मासे गुदमरतात. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्ले देते, तेव्हा संख्या आपोआप वाढेल. जास्तीचे मासे शेजाऱ्याला द्या. ओढ्यात किंवा नदीत सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आपल्या ओढ्यातल्या लहान माशांच्या तोंडचा घास तो पळवतो.

आठवड्याचे काम

दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य. आठवड्याला पाव भाग पाणी, म्हणजे सुमारे तीन बादल्या, काढून तेवढेच ताजे घाला. काढलेले पाणी कढीपत्त्याला किंवा वांग्याच्या वाफ्याला घाला. त्यात नायट्रेट असते, म्हणजे ते पातळ खतच झाले. पाणीटंचाईच्या गावातही या पाण्याचा थेंब वाया जात नाही.

नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असते. त्यातला क्लोरीन माशांना आणि जिवाणूंना, दोघांनाही मारतो. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवून मग घाला. बोअरचे पाणीही रात्रभर ठेवून ढवळून घ्या. स्पंज नळाखाली धुऊ नका, पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. वीज फार तास गेली असेल तर पंप सुरू करण्याआधी स्पंज असाच पिळून घ्या.

मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, पंख आवळून बसले, तर औषध शोधू नका. खाद्य दोन दिवस बंद करा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. उन्हाळ्यात आणि पाण्याचा सामू आठाच्या वर असताना अमोनिया जास्त घातक होतो, तेव्हा अधिक जपा.

हात धुतला का?

त्या मुलाने पुन्हा सुरुवात केली. या वेळी पाच मासे, मग दहा. पुढच्या श्रावणापर्यंत पेटी भरली. आजी सकाळी तुळशीला पाणी घालून आल्या की चिमूटभर खाद्य स्वतःच टाकत.

मग एके दिवशी त्याचे वडील कापसावर सायपरमेथ्रिन फवारून आले. हातावर नुसते पाणी घेतले आणि पेटीत पडलेले एक पान हात घालून काढले. संध्याकाळपर्यंत मासे कलंडू लागले, सकाळी एकही उरला नाही. या गटातली कीटकनाशके माशांना अतिशय अल्प मात्रेतही मारतात. डासांच्या अगरबत्तीत आणि फवाऱ्यातही याच गटातली औषधे असतात. ती वापरताना पेटी झाका आणि हवेचा पंप तेवढा वेळ बंद ठेवा, नाहीतर तो खोलीतली हवा पाण्यातच ओढतो.

मी पुढच्या फेरीला गेलो तेव्हा त्या गृहस्थांनी स्वतःच सगळे सांगितले. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, नुसत्या ओल्या हातानं एवढं झालं. मी तर फवारणीचा पंप दर वर्षी ओढ्यावर धुतो."

त्या ओढ्याला खाली दोन गावांची गुरे पाणी पितात.

नोकरीत मी पंप कुठे धुवावा यावर किती सभा घेतल्या, हिशेब नाही. पंप शेताच्या कडेला, विहीर आणि ओढ्यापासून लांब, उतार पाहून धुवावा. धुवणाचे पाणी फवारलेल्या पिकातच टाकावे. हात साबणाने दोनदा धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्या गृहस्थांनी ते ऐकले सभेत आणि पाहिले घरच्या पेटीत.

मुलाने या हिवाळ्यात पेटी रिकामी करून धुतली, खडी उन्हात वाळवली आणि शेजारच्या गावातून स्पंजचा तुकडा आणून पुन्हा पाच मासे सोडले आहेत. पेटीवर खडूने लिहिले आहे, "हात धुतला का?" वडील फवारणीचा पंप आता बांधावर धुतात.

तुमच्या घरी पेटी करायची असेल तर लेपाचे आणि काचेचे काम मे अखेरपर्यंत उरका. काही अडले तर पत्राने कळवा.